इलेक्ट्रॉनिक पेट टॉइज ठोकमध्ये घ्यायचेत? अमरावती-अकोल्यातल्या दुकानदारांसाठी खात्रीचा माल ओळखण्याची संपूर्ण माहिती

मांजरीसाठी आपोआप फिरणारा चेंडू, चार्ज होणारी फडफडणारी मासोळी, लेझर लाइट, मोबाईलवरून चालणारा फीडर... इन्स्टाग्रामवर अशा खेळण्यांची रील पाहिली नाही असा माणूस सापडणं कठीण. आपल्या अमरावती-अकोल्यातही कुत्री-मांजरी पाळणारी घरं वाढली आहेत, आणि व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकून हा माल विकणारी तरुण मुलंही. पण हा माल नेमका कुठून आणायचा, आणि आणलेला माल टिकेल की नाही हे कसं ओळखायचं? आजच्या लेखात आपण तेच पाहणार आहोत.

हा विषय मी का निवडला, ते आधी सांगतो.

मागच्या मे महिन्यात अकोल्याहून माझ्या आतेभावाचा फोन आला. त्याचं तिथे पाळीव प्राण्यांचं खाद्य आणि सामानाचं छोटं दुकान आहे. "अबे, तुले मोबाईलचं समजते ना? एकदा येऊन पाय. चेंडूच्या बॅटऱ्या फुगून राह्यल्या."

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी पकडून मी अकोल्याला गेलो. दादाने व्हॉट्सॲपवरच्या एका सप्लायरकडून २०० चेंडू घेतले होते, १६० रुपयांना एक. म्हणजे ३२,००० रुपये गुंतलेले. सॅम्पल एकदम मस्त चाललं होतं. मग पेट्या आल्या आणि दुकानाच्या वरच्या टिनाच्या खोलीत ठेवल्या. आठवडाभरातच गिऱ्हाइकं परत यायला लागली. एका लॅब्राडॉरने फुगलेला चेंडू चावला, आतून धूर निघाला आणि त्याच्या हिरडीला भाजलं. कुत्रा वाचला, पण त्याचे मालक दुकानात येऊन जे बोलले ते दादा अजून विसरला नाही.

मी सॅम्पलचा चेंडू आणि पेटीतला चेंडू, दोन्ही उघडले. सॅम्पलमधल्या सेलवर ५०० एमएएच लिहिलं होतं आणि त्याला प्रोटेक्शन सर्किट होतं. पेटीतल्या सेलवर ना नाव, ना क्षमता, ना सर्किट. बाहेरचं प्लास्टिक मात्र हुबेहूब तेच.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: हा धंदा खेळण्याचा दिसतो, पण असतो बॅटरीचा आणि बिलाचा. या दोन गोष्टी तपासता आल्या की अर्धी लढाई जिंकली.

१) आधी हे ठरवा: प्राण्यासाठीचं खेळणं की प्राण्यासारखं खेळणं?

"इलेक्ट्रॉनिक पेट टॉय" या नावाखाली बाजारात दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली म्हणजे खऱ्या कुत्र्या-मांजरांनी खेळायची वस्तू. दुसरी म्हणजे लहान मुलांसाठीचा भुंकणारा, चालणारा बॅटरीवरचा कुत्रा. दिसायला एका फळीवरच्या, पण नियम वेगळे.

मुलांच्या खेळण्यांसाठी केंद्र सरकारचा २०२० चा गुणवत्ता नियंत्रण आदेश आहे. तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यावर आयएसआय मार्क हवाच. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. मार्क नसलेलं खेळणं बनवणंच नाही, तर दुकानात विकायला ठेवणंही गुन्हा आहे. बीआयएस कायदा २०१६ मध्ये पहिल्या वेळी किमान २ लाख रुपये दंडाची तरतूद करण्यात आली. हे फक्त कागदावर नाही. जानेवारी २०२३ मध्ये बीआयएसने मोठमोठ्या दुकानांतून महिनाभरात १८,६०० खेळणी जप्त केल्याचं जाहीर केलं होतं.

आता गंमत पाहा. या आदेशातली खेळण्याची व्याख्या "फक्त मुलांसाठी असो वा नसो" अशी आहे. म्हणजे बॉक्सवर "किड्स अँड पेट्स" छापलं असेल, तर ते मुलांचं खेळणं धरलं जाऊ शकतं. सप्लायरला वाटतं दोन गिऱ्हाइकं मिळतील, पण अडकतो दुकानदार. असा बॉक्स आयएसआय मार्कशिवाय घेऊच नका.

एचएसएन कोडमध्येही हाच फरक आहे. मुलांची खेळणी ९५०३ मध्ये येतात. जी वस्तू केवळ प्राण्यांसाठीच आहे हे उघड दिसतं, तिला सीमाशुल्काच्या ९५ व्या प्रकरणातली टीप ९५०३ मधून स्पष्टपणे बाहेर ठेवते. त्यामुळे मांजरीच्या चेंडूच्या बिलावर ९५०३ दिसलं तर सप्लायरला कारण विचारा. नीट उत्तर देता आलं नाही, तर समजा की त्याला स्वतःचाच माल माहीत नाही.

२) मोबाईलवर पाच मिनिटांत मार्क तपासा

प्ले स्टोअरवरून "बीआयएस केअर" हे सरकारी ॲप घ्या. त्यात दोन गोष्टी कामाच्या आहेत.

• आयएसआय मार्कसोबत "सीएम/एल" ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. तो "व्हेरिफाय लायसन्स डिटेल्स" मध्ये टाका. कंपनीचं नाव, पत्ता, कोणत्या वस्तूसाठी लायसन्स आहे आणि ते चालू आहे की नाही, सगळं दिसतं.

• रिचार्ज होणाऱ्या लिथियम सेल-बॅटरीला वेगळी सक्तीची नोंदणी लागते. तिचं मानक आयएस १६०४६. सेलवर किंवा पॅकवर "आर" आणि पुढे आकडे असा नंबर असतो. तो "व्हेरिफाय आर-नंबर" मध्ये टाका.

फक्त नंबर खरा निघाला म्हणून खूश होऊ नका. नंबर कोणाच्या नावावर आहे आणि कोणत्या वस्तूचा आहे ते वाचा. दुसऱ्याच कंपनीचा नंबर छापून आलेला माल दिसायला पूर्ण कायदेशीर वाटतो.

खेळण्यात वायफाय किंवा ब्लूटूथ असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची "ईटीए" मंजुरी आहे का, हेही विचारा. ती मंजुरी आयातदाराकडे किंवा कंपनीकडे असते, त्यामुळे "प्रत पाठवा" म्हणायला लाजू नका.

विदर्भासाठी बीआयएसचं शाखा कार्यालय नागपूरला आहे. मार्कविषयी शंका असेल तर ॲपमधूनच तक्रार करता येते.

३) वऱ्हाडचा उन्हाळा आणि लिथियम बॅटरी

हा भाग नीट वाचा, कारण मुंबई-दिल्लीचा सप्लायर तुम्हाला हे सांगणार नाही.

बहुतेक लिथियम-आयन सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगचं तापमान ० ते ४५ अंश सेल्सिअस दिलेलं असतं. अकोल्यात मे महिन्यात दुपारी बाहेरचीच हवा ४५ अंशांच्या वर जाते. टिनाखालच्या बंद खोलीत ती त्याहून जास्त तापते. चार्ज होताना सेल स्वतःही गरम होतो. म्हणजे चांगला सेलसुद्धा आपल्याकडे मर्यादेबाहेर चालवला जातो. हलक्या सेलचं तर विचारूच नका.

उष्णतेने सेलच्या आतल्या रसायनात वायू तयार होतो आणि पाऊच फुगतं. प्रोटेक्शन सर्किट असेल तर ते सेल जास्त चार्ज होऊ देत नाही आणि पूर्ण रिकामाही होऊ देत नाही. ते नसेल तर अडवणारं कोणीच नाही.

म्हणून माल ठेवताना:

• टिनाच्या छताखाली, माळ्यावर किंवा उन्हाच्या भिंतीला लागून ठेवू नका. तळमजल्यावरची हवेशीर जागा निवडा.
• जास्त दिवस ठेवायचा माल साधारण अर्धा चार्ज असलेला बरा. फुल चार्ज सेल उष्णतेत लवकर खराब होतो.
• एप्रिल-मेसाठी मोठा स्टॉक भरू नका. थोडा थोडा मागवा.
• फुगलेला पीस चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. उघड्यावर कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. साध्या कचऱ्यात टाकणं धोक्याचंही आहे आणि बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ च्या विरुद्धही.

४) सॅम्पलची घरगुती तपासणी

एक सॅम्पल कधीच मागू नका. निदान पाच मागा, पैसे देऊन मागा. फुकटचं एक सॅम्पल निवडून पाठवलेलं असतं. मग या चाचण्या करा. लागतं काय? छोटा स्क्रू-ड्रायव्हर, किचनमधला वजनकाटा आणि काही शे रुपयांत मिळणारं यूएसबी मीटर.

वजन: पाचही पीस मोजून आकडे लिहा. पुढे पेटीतला पीस हलका भरला तर बॅटरी किंवा मोटर बदलली असण्याची दाट शक्यता.

उघडून पाहणं: एक पीस उघडाच. सेलवर क्षमता, व्होल्टेज आणि नाव छापलंय का? टोकाला पिवळ्या टेपखाली छोटी सर्किट पट्टी आहे का? जवळून फोटो काढून ठेवा.

क्षमता: पूर्ण उतरलेला पीस मीटर लावून चार्ज करा. सेलवर ५०० एमएएच लिहिलंय आणि मीटर २२० वरच थांबतो, तर लिहिलेलं खोटं. १८६५० आकाराच्या गोल सेलवर ९९०० एमएएच दिसलं तर मीटर लावायचीही गरज नाही, त्या आकारात चांगला सेल साधारण ३५०० च्या आसपासच संपतो.

चार्जिंगचा करंट: ३०० एमएएचच्या इवल्या सेलला मीटरवर १ अँपिअर जाताना दिसला तर तो माल नाकारा. लहान सेलला एवढा करंट म्हणजे चमच्याने पाजायच्या बाळाला नळाखाली धरणं.

केबल: टाइप-सी पोर्ट असेल तर दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेल्या केबलने चार्ज करून पाहा. स्वस्त मालात आतले ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. मग तो जुन्या यूएसबी केबलवर चार्ज होतो, नव्या चार्जरवर होत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं "बंद पडला".

दात आणि लाळ: मांजरीचं खेळणं कुत्र्याला चालेलच असं नाही. झाकण स्क्रूने बंद आहे की नुसतं दाबून, ते पाहा. बटन सेल असेल तर स्क्रू हवाच. गिळलेला बटन सेल काही तासांत अन्ननलिका जाळू शकतो, प्राण्याची आणि लहान मुलाचीही. असं झालं तर घरगुती उपाय न करता लगेच पशुवैद्य गाठा. अकोल्यात तर स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहेच.

लेझर: लेबलवर क्लास २ आणि १ मिलिवॅटपेक्षा कमी लिहिलेलं असावं. काहीच लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. डोळ्यात कधीच मारू नका, ना मांजरीच्या ना माणसाच्या.

ॲप: मोबाईलवरच्या खेळण्याचं ॲप खेळाशी संबंध नसताना कॉन्टॅक्ट्स किंवा एसएमएसची परवानगी मागत असेल तर थांबा. बरीच स्वस्त उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झ वायफायवर चालतात, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

५) माल कुठून आणायचा?

मुंबई: क्रॉफर्ड मार्केट म्हणजेच महात्मा फुले मंडई आणि जवळची अब्दुल रहमान स्ट्रीट खेळण्यांच्या ठोक बाजारासाठी प्रसिद्ध. सुटे भाग आणि मीटरसाठी लॅमिंग्टन रोड. विदर्भ एक्सप्रेसने रात्री निघालं की सकाळी मुंबई. फायदा असा की माल हातात घेऊन, उघडून पाहता येतो.

दिल्ली: सदर बाजार आणि तेलीवाडा. व्हरायटी भरपूर, पण परत करणं अवघड. ट्रान्सपोर्टचा खर्च आणि वेळ धरा.

थेट चीनमधून: जगातली बरीचशी खेळणी ग्वांगदोंग प्रांतातल्या शांतोउ शहराच्या चेंगहाई भागात बनतात, आणि यिवू हा छोट्या वस्तूंचा मोठा ठोक बाजार आहे. पण आयातीला डीजीएफटीचा आयईसी कोड लागतो, सीमाशुल्क लागतं आणि बॅटरीच्या मालाला वाहतुकीचे वेगळे नियम असतात. मुलांच्या खेळण्यांवरचं शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं होतं. पहिल्या ऑर्डरला हा रस्ता नको.

माझं मत विचाराल तर नव्या माणसाने आयातदाराचं नाव-पत्ता बॉक्सवर छापलेला माल घ्यावा. चार रुपये जास्त गेले तरी चालतील. त्याचं कारण पुढे आहे.

६) पक्कं बिल म्हणजेच खरी वॉरंटी

बऱ्याच मुलांना वाटतं, फसवलं तर ग्राहक मंचात जाऊ. इथेच घोळ आहे! ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा "ग्राहक" ठरत नाही. म्हणजे १९१५ ही हेल्पलाइन तुमच्या गिऱ्हाइकासाठी आहे, तुमच्या ठोक खरेदीसाठी नाही.

उलट, त्याच कायद्यात दुकानदारावर जबाबदारी येते. विकलेल्या वस्तूचा उत्पादक कोण हेच कळत नसेल आणि तिने कोणाला इजा झाली, तर भरपाई विकणाऱ्याकडून मागता येते. बिननावाचा बॉक्स घेतला की उत्पादकाच्या जागी तुम्ही उभे राहता. दादाचं नेमकं हेच झालं. त्याच्याकडे होतं फक्त कच्चं बिल आणि एक ब्लॉक झालेला नंबर.

मग आपल्याला आधार कशाचा? मालविक्री कायदा १९३० चा. त्याच्या कलम १७ प्रमाणे सॅम्पल दाखवून व्यवहार झाला असेल, तर सगळा माल सॅम्पलसारखाच असला पाहिजे आणि तो ताडून पाहण्याची संधी घेणाऱ्याला मिळाली पाहिजे. पण सॅम्पलवरून व्यवहार झाला, हे सिद्ध करता आलं पाहिजे. म्हणून ऑर्डरआधी असा मेसेज पाठवा आणि "हो" लिहून घ्या:

"आपण अमुक तारखेला पाठवलेल्या सॅम्पलप्रमाणे २०० पीस घेत आहे. सेल ५०० एमएएच, प्रोटेक्शन सर्किटसह, वजन अमुक ग्रॅम. सॅम्पलचे फोटो सोबत. माल सॅम्पलपेक्षा वेगळा निघाल्यास ७ दिवसांत परत घेऊन पूर्ण रक्कम द्याल. पक्कं जीएसटी बिल द्याल. कृपया मान्य असल्याचं लिहा."

सॅम्पलचा एक पीस दोघांच्या सहीची पट्टी लावून बंद ठेवता आला तर फारच छान.

पैसे देण्याआधी जीएसटी पोर्टलवर "सर्च टॅक्सपेअर" मध्ये त्याचा १५ अंकी नंबर टाका, लॉगिन लागत नाही. नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि नंबर चालू आहे की रद्द, सगळं दिसतं. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, दिल्ली ०७, गुजरात २४. तो "मी मुंबईचा" म्हणतो आणि नंबर ०७ ने सुरू होतो, तर विचारा. बँक खातंही त्याच फर्मच्या नावाचं असावं.

७) पेट्या आल्या की लगेच काय करायचं?

सगळे पीस तपासणं शक्य नसतं, आणि वरचे दोन पाहून समाधान मानणं चुकीचं. कारखान्यांमध्ये यासाठी आयएसओ २८५९ चा तक्ता वापरतात. त्याच्या नेहमीच्या पातळीवर आणि २.५ टक्के मर्यादेवर हिशोब असा:

• २०० पीसचा माल: ३२ तपासा. २ पर्यंत खराब निघाले तर स्वीकारा, ३ निघाले तर सगळा माल परत.
• ५०० पीसचा माल: ५० तपासा. ३ पर्यंत ठीक, ४ निघाले तर परत.

हे पीस वेगवेगळ्या पेट्यांतून, खालून-वरून-मधून काढा. पेटी उघडतानाचा व्हिडिओ न थांबवता शूट करा. एक पीस उघडून आतला सेल सॅम्पलच्या फोटोशी जुळवा. आणि धोक्याची खराबी, म्हणजे फुगलेला सेल, उघडी वायर किंवा जळका वास, एका पिसात दिसली तरी सगळा माल थांबवा. तिथे टक्केवारी लावायची नाही.

बॉक्सवर आयातदाराचं किंवा उत्पादकाचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनलं, महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी, नगसंख्या आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा. हे वेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम आहेत. कोरा बॉक्स घेऊन स्वतःचं स्टिकर मारणं म्हणजे जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेणं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी फक्त व्हॉट्सॲपवर विकतो, दुकान नाही. मलाही हे लागू आहे का?
हो. विकणारा तो विकणारा. काउंटर असो की स्टेटस.

रिचार्जेबल घ्यावं की साध्या सेलवर चालणारं?
पहिल्या ऑर्डरला साध्या ट्रिपल-ए सेलवर चालणारं खेळणं घ्या. सेल गिऱ्हाईक स्वतः टाकतं, गोदामात बॅटरी तापण्याचा प्रश्न कमी होतो. झाकण मात्र स्क्रूचंच पाहिजे.

गिऱ्हाइकाला काय सांगू?
तीन वाक्यं: समोर बसूनच खेळू द्या, उन्हाळ्यात दुपारी चार्ज करू नका, फुगलं की लगेच परत आणा. बिलामागे शिक्का मारून घेतला तर रोज सांगावंही लागत नाही.

शेवटी दादाचं काय झालं?

सप्लायरकडून एक रुपया परत आला नाही. दादाने विकलेले चेंडू फोन करून करून परत मागवले, पैसे दिले, आणि त्या लॅब्राडॉरच्या औषधाचाही खर्च केला. उरलेले सगळे चेंडू ई-कचऱ्यात गेले. दिवाळीआधी तो स्वतः मुंबईला गेला, पाच सॅम्पल घेऊन आला आणि आम्ही दोघांनी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजले. त्यातले दोन प्रकार नापास केले, एकाचे फक्त ४० पीस मागवले.

परवा फोनवर म्हणाला, "आता कोणी स्वस्त म्हटलं ना, का मी पहिले स्क्रू-ड्रायव्हर काढतो."

आणि हो, त्या लॅब्राडॉरचे मालक अजूनही त्याच्याकडूनच खाद्य नेतात. ३२,००० गेले, पण गिऱ्हाईक राहिलं. तुम्ही आधीच तपासलं तर दोन्ही राहतील.